लिथियमची लेव्हल आणि घरी येऊन रक्त नेणारी कर्वेनगरची एक छोटी लॅब

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी सांगतो.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी भलतंच चढतं, कधी पार बसतं. 2011 साली एका दुपारी तुळशीबागेतून रिक्षाभर समया घेऊन आलो, मोजून 22. बायकोला म्हणालो, आता आपण देवळांना पुरवठा करायचा. 3 रात्री डोळ्याला डोळा नव्हता, तरी थकवा म्हणून नाही. नंतरचे 4 महिने मात्र दात घासायलाही उठवत नव्हतं. समया अजून माळ्यावर आहेत, कुणाला हव्या असतील तर न्या. तेव्हापासून मन ताळ्यावर ठेवणारं लिथियम चालू: 300 मिलिग्रॅमची सकाळी एक, रात्री दोन.

गोळी गुणाची आहे, पण मोठी हिशोबी. माझ्या डॉक्टरांना रक्तातली लेव्हल 0.6 ते 1.0 च्या दरम्यान हवी असते. 1.5 च्या वर गेली की तीच गोळी विषासारखी वागू शकते: हात जोरात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. म्हणून अधूनमधून लेव्हल बघायची, सोबत थायरॉईड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, आणि सकाळची गोळी त्याआधी घ्यायची नाही. चहा-पोहे चालतात.

एवढी साधी गोष्ट, पण आधीच्या लॅबला (नाव सांगत नाही) कधी जमली नाही. माणूस 7 ला येणार म्हणून 11 ला यायचा. एकदा तर रिपोर्ट आला 2.6! बायको बॅग भरायला लागली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, ‘‘नीट चालताय का? उलटी? बोलताना जीभ जड?’’ यातलं काहीच नव्हतं. मग म्हणाले, ‘‘रक्त कुठल्या रंगाच्या झाकणाच्या नळीत घेतलं?’’ हिरव्या. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे हेपरिन असतं, ते बहुतेकदा लिथियमचंच असतं. म्हणजे आम्ही माझ्या रक्ताबरोबर नळीतलं लिथियमही मोजून घेतलं होतं. रात्रीची गोळी थांबवायला सांगून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या नळीत पुन्हा तपासायला लावलं. आकडा आला 0.6.

त्यानंतर ही लॅब धरली. आदल्या दिवशी फोन केला की बाई पहिला प्रश्न विचारतात, ‘‘रात्रीची गोळी किती वाजता घेता?’’ साडेनऊ म्हटलं तर लॅबचा मुलगा सकाळी 9:20 ला दारात. आत येऊन पंख्याखाली बसतो, घड्याळ बघतो, 9:30 ला सुई. लाल झाकणाची नळी आधी मला दाखवतो, मग टोचतो. नळीवर वेळ लिहितो. मागच्या खेपेला त्यानेच विचारलं, ‘‘काका, गुडघ्यासाठी काही गोळी चालू केलीत का?’’ केली होती, मेडिकलमधून सहज आणलेली डायक्लोफेनॅक. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं आणि लेव्हल चढते. त्या दिवशी 1.1 आली. गुडघ्याची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली. उन्हाळ्यातले जुलाब आणि मीठ सोडून केलेले उपास यांचंही तसंच, शरीरातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. एकादशी मी आता शेंदेलोण घातलेल्या खिचडीवर काढतो.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येतो. रविवारी बंद. सुट्टे पैसे ठेवा, मुलाकडे कधीच नसतात.

आता अर्ध्या स्टारचं. पहिल्या दिवशी या मुलाने जिन्यातून खणखणीत आवाजात विचारलं, ‘‘लिथियमवाले काका कोणते?’’ तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. मी त्याला आत घेऊन समजावलं, आता तो हळू आवाजात ‘‘साडेनऊवाले काका’’ म्हणतो. पण समोरच्या काकू अजून विचारतात, आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी बघून द्याल का?