ओपनएसएसएच १०.१: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्या तीन ओळींबद्दल

ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं साधन; त्यातल्या किल्ल्या, टनेल, एजंट यांबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. ऑक्टोबर २०२५ च्या या आवृत्तीने डोकं उठवलं ते तारकांनी सुरू होणाऱ्या तीन ओळींच्या इशाऱ्याने: जोडणीत पोस्ट-क्वांटम की-एक्सचेंज (उद्याच्या क्वांटम संगणकालाही न फुटणारी किल्ली ठरवण्याची पद्धत) नाही, आज साठवलेला डेटा पुढे फोडला जाऊ शकतो, सर्व्हर अपग्रेड करा. जुना सर्व्हर असला की दर वेळी. गिट पुश, आरसिंक, एससीपी, सगळीकडे. मजकूर एसटीडीएररवर (चुकांसाठीच्या आउटपुटवर) येतो, म्हणून बॅकअप सुरळीत झाला तरी क्रॉनचा, म्हणजे वेळापत्रकाने कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचा, मेल ठरलेला.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे -क्यू (लहान q), एसएसएचला गप्प करणारा पर्याय. नका लावू. सुक्याबरोबर ओलंही जळतं: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसत नाही, होस्ट की बदलल्याची ती भलीमोठी चौकटही दिसत नाही, हाती राहतो फक्त अपयश सांगणारा एक्झिट कोड २५५. कॉन्फिगमधला ‘लॉगलेव्हल एरर’ त्यापेक्षा बरा. नव्या सर्व्हरची की नोंदवल्याची ‘पर्मनंटली ॲडेड’ ही ओळ आणि लॉगिनआधीचा बॅनर जातो, खऱ्या चुका दिसत राहतात.

पण नेमकी कळ वेगळीच आहे. ~/.एसएसएच/कॉन्फिगमध्ये ‘मॅच होस्ट’पुढे त्या सर्व्हरचं नाव आणि खालच्या ओळीत ‘वॉर्नवीकक्रिप्टो नो’. आधी सापडलेली किंमत लागू होते, त्यामुळे हा भाग सगळ्या सर्व्हरांना लागू होणाऱ्या ‘होस्ट *’च्या वरच ठेवा. हीच फाइल जुनी आवृत्ती असलेल्या मशीनवर नेली, की ‘बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन’ म्हणून एसएसएच जोडायलाच नकार देतं. त्यासाठी फाइलच्या अगदी सुरुवातीला ‘इग्नोरअननोन वॉर्नवीकक्रिप्टो’ लिहा. या पर्यायाच्या खाली लिहिलं तर उपयोग शून्य.

इथवर मत एकच होतं: फुकटची भुणभुण. मग कोणत्या सर्व्हरांवर इशारा येतो ते पाहिलं आणि मत बदललं. एक गट खरोखर जुन्यांचा, उबुंटू २०.०४ वरचं ओपनएसएसएच ८.२ वगैरे. दुसरा गट नव्या सर्व्हरांचा, जिथे कुणीतरी कधीकाळी ‘हार्डनिंग’च्या (सुरक्षा कडक करण्याच्या) नावाखाली सर्व्हरच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये ‘केक्सअल्गोरिदम्स’ची, म्हणजे चालणाऱ्या की-एक्सचेंज पद्धतींची, यादी हाताने लिहून ठेवली. ८.९ पासून एसएनट्रप७६१ ही पोस्ट-क्वांटम पद्धत डीफॉल्ट यादीत आहे; ही ओळच त्याला बाहेर ठेवते. ओळ काढा, ‘एसएसएचडी -टी’ने (लहान t) कॉन्फिग तपासा, चालू सेशन उघडं ठेवून सर्व्हिस रीलोड करा. एक पैसा खर्च नाही. नंतर जोडताना -व्ही (लहान v) लावून ‘केक्स: अल्गोरिदम’ची ओळ बघा, तिथे एमएलकेईएम (दुसरी पोस्ट-क्वांटम पद्धत) किंवा एसएनट्रप दिसलं की काम झालं. म्हणजे इशारा रास्त आहे. दर जोडणीला तोच पाढा वाचण्याबद्दलचा राग मात्र कायम.

जोडल्यावर दिसणारी ‘सेटलोकेल: कॅनॉट चेंज लोकेल’ ही दुसरी कुरकुर मात्र एसएसएचची नाहीच. लॅपटॉपवर एमआर_आयएन लोकेल (भारतातल्या मराठीची भाषा-मांडणी) असेल तर ‘सेंडएन्व्ह’ ते पलीकडे पाठवतं, आणि तिथे ते बसवलेलं नसलं की तिकडचं बॅश (कमांड चालवणारं शेल) तक्रार करतं. -क्यू तिथे काहीच करत नाही. उबुंटू सर्व्हरवर ‘लोकेल-जेन एमआर_आयएन’ चालवा. तिथे रूट हक्क नसतील तर आपल्या लॅपटॉपवरच्या /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_कॉन्फिगमधल्या ‘सेंडएन्व्ह’च्या ओळीपुढे # टाका.