पेट्रोलसाठी पंपाचं कार्ड की साधं कॅशबॅक कार्ड?

म्हापसा ते पणजी रोज गाडीने जा-ये करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. आमच्याकडे गोव्यात पेट्रोल सिंधुदुर्गापेक्षा स्वस्त, म्हणून बांद्याकडची मंडळी पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला येतात. तरी महिन्याचा आकडा टोचतोच.

साधं कॅशबॅक कार्ड किराणा, ऑनलाइन खरेदीला उत्तम. पण अशा बहुतेक कार्डांच्या नियमांत इंधन वगळलेलं असतं. पंपावर ते घासलं तर हाती शून्य, वर एक टक्का अधिभार (सरचार्ज). तो माफ झाला तरी त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही.

पंपाच्या कार्डाचं, म्हणजे तेल कंपनी आणि बँक मिळून देतात त्या क्रेडिट कार्डाचं, गणित वेगळं. बीपीसीएल एसबीआय कार्डावर भारत पेट्रोलियमच्या पंपावर १०० रुपयांना १३ पॉइंट, ४ पॉइंट म्हणजे १ रुपया. महिन्याला ४,००० चं पेट्रोल धरा: १३० रुपये, वर्षाचे १,५६०. वार्षिक फी ४९९, जीएसटीसह ५८९. उरले ९७१. स्कूटरवाल्याचं पेट्रोल महिन्याला हजाराचं असेल तर वर्षाला मिळणार ३९० आणि फी त्याहून जास्त! त्याने हे कार्ड घेऊच नये.

आणखी एक, स्कूटरमध्ये दोनशे-दोनशेचं पेट्रोल भरण्याची सवय असेल तर जपा. बऱ्याच कार्डांवर अधिभाराची माफी ४०० किंवा ५०० रुपयांपासूनच सुरू होते.

माझं मत गाडीवाल्यांसाठी पंपाच्या कार्डाकडे, पण त्याच कंपनीचा पंप रोजच्या वाटेवर असेल तरच. पॉइंटांसाठी वाकडी वाट करू नका.