‘बीपीए फ्री’ स्टिकरच्या खाली काय निघालं

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि मला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात परत कामावर जायचं होतं. म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून दुधाची बाटली घेतली. काचेसारखी लख्ख, टणक, बुडाला ‘बीपीए फ्री’चं, म्हणजे बीपीए हे रसायन नसल्याचं, हिरवं स्टिकर. शेजारी दुधी रंगाच्या, मऊ बाटल्या होत्या. त्या मला हलक्या वाटल्या. “ताई, इम्पोर्टेड माल आहे. उकळा, आपटा, काय होत नाही बघा,” दुकानदार म्हणाला. तीनशे रुपये दिले. खोका नव्हता, बिलही दिलं नाही, आणि मी मागे लागले नाही.

बारा-तेरा दिवसांनी बाटली उकळताना स्टिकर सुटून पातेल्यात तरंगायला लागलं. त्याच्याखाली प्लास्टिकचा प्रकार सांगणारा बाणांचा त्रिकोण, त्यात 7 आणि खाली ‘पीसी’. बरोबर त्या खुणेवरच स्टिकर चिकटवलं होतं! पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि ते बनतं बीपीएपासूनच. हे रसायन शरीरात संप्रेरकासारखं (हार्मोनसारखं) वागतं आणि गरम दुधात जास्त उतरतं. उजेडात धरली तर आत ब्रशचे ओरखडेच ओरखडे. इतके दिवस लेकराला यातून गरम दूध पाजलं, या विचाराने त्या रात्री डोळा लागला नाही.

दुकानदाराने “ही आमची नाहीच” म्हणून हात वर केले. बिल नव्हतं, काय बोलणार?

नुसत्या 7 वरून पॉलिकार्बोनेट ठरत नाही, त्या आकड्यात इतर प्लास्टिकंही येतात. ‘पीसी’ अक्षरं मात्र बघाच. मी नाकारलेल्या त्या दुधी बाटल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे 5 नंबरच्या असणार. आपल्याकडे 2015 च्या भारतीय मानकानुसार बाळाच्या बाटलीत पॉलिकार्बोनेट चालत नाही. 1992 च्या कायद्याप्रमाणे खोक्यावर आयएसआय चिन्ह नसलेली दुधाची बाटली विकताच येत नाही. त्या चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका, कंपनीचं नाव जुळतंय का बघा, मगच पैसे द्या. आणि पक्कं बिल घ्याच, म्हणजे 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात काही तरी असतं.

सासूबाईंनी माळ्यावरून जुनं स्टीलचं बोंडलं काढून दिलंय. दुपारचं दूध त्या आता त्यातूनच पाजतात. धुवायलाही सोपं, कोपऱ्यात काही अडकत नाही.