फायटेज की मिश्र एन्झाइम?

हातकणंगले-शिरोळकडं करारावर कोंबड्या पाळणाऱ्यांना खाद्य कंपनीचंच येतं, त्यांच्यापुढं हा प्रश्न नाही. घरी मका भरडून सोयापेंड मिसळणाऱ्यांना मात्र खाद्यात मिसळायला एन्झाइमची कुठली पुडी घ्यायची ते ठरवावं लागतं.

माझं मत, आधी फायटेज. मका-सोयातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवायला कोंबडीकडं पुरेसं एन्झाइम नसतं; ते काम फायटेज करतं. खाद्याच्या किलोला 500 युनिट फायटेज पडलं की डीसीपी (फॉस्फरससाठी वरून घालायचं डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करता येतं. पुडीचे पैसे तिथंच निघतात. डीसीपी आहे तेवढंच ठेवून वर फायटेज टाकलं तर नुसता खर्च. कॅल्शियमचा हिशेबही त्याबरोबर बदला.

झायलनेज वगैरे असलेलं मिश्र एन्झाइम गहू जास्त असेल तेव्हा कामाचं. गव्हानं आतड्यातलं खाद्य चिकट होतं, विष्ठा पातळ पडते, शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलं होऊन गोळे धरतं, शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात. झायलनेज तो चिकटपणा मोडतं. निव्वळ मका-सोयावर एवढा फरक दिसेलच असं नाही, विक्रेता काहीही म्हणो.

कुठलंही घ्या, पुडी थेट टनभर खाद्यात ओतू नका. आधी पाटीभर भरड्यात कालवा. पेलेट करणार असाल तर उष्णता सोसणारंच मागा, 85 अंशांच्या वाफेत साधं एन्झाइम बरंचसं निकामी होतं.