डाडचा कोर्स डेटाबेस: शोधायला उत्तम, पण ‘रिक्वायरमेंट्स’ नीट वाचा

जर्मनीत इंग्रजीतून मास्टर्स करायचं असेल तर शोध डाडच्या ‘इंटरनॅशनल प्रोग्राम्स’ या डेटाबेसपासूनच सुरू करावा. डाड ही जर्मन विद्यापीठांचीच संस्था, १९२५ साली स्थापन झालेली. इथे दोन हजारांहून जास्त अभ्यासक्रम आहेत आणि शोधायला एक पैसा लागत नाही. कन्सल्टंटच्या यादीत कमिशन देणारी खासगी कॉलेजं वर असू शकतात. इथे सरकारी विद्यापीठं सहज सापडतात. ही एकच गोष्ट या सेवेला भरपूर गुण द्यायला पुरेशी आहे.

भाषा, पदवी, विषय, सुरू होण्याचा सेमिस्टर आणि फी असे फिल्टर आहेत. भाषेचा फिल्टर लावायला विसरू नका. काही कोर्स जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालतात आणि त्यांना जर्मनही चांगलं लागतं. फी शून्य दिसली तरी सेमिस्टर कॉन्ट्रिब्युशन भरावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी त्यातच स्थानिक बस-रेल्वेचा पास येतो. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात भारतीयांना सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या टीयूमध्ये (तंत्रविद्यापीठात) २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून बहुतेक मास्टर्सना सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी आहे. त्यामुळे ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य प्रत्येक कोर्सच्या पानावर तपासून घ्यावं.

खरी मेख ‘रिक्वायरमेंट्स’च्या टॅबमध्ये आहे. तिथे बहुतेकदा ‘संबंधित विषयातली पदवी’ एवढंच लिहिलेलं असतं. खरा निकष मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमावलीत असतो: गणिताचे इतके ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट), प्रोग्रामिंगचे इतके, एकूण १८० किंवा २१०. एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० ईसीटीएस धरतात. म्हणजे तीन वर्षांच्या बीएस्सीला साधारण १८० मिळतात आणि २१० मागणाऱ्या कोर्सला अर्ज करण्यात अर्थ उरत नाही. चार वर्षांची बीई समजा १६० क्रेडिटची असेल, तर २४० भागिले १६० म्हणजे १.५, चार क्रेडिटचा विषय सहा ईसीटीएसचा झाला. हा आपला अंदाज, विद्यापीठ स्वतःच्या पद्धतीने मोजतं. तरीही आपल्या विषयांचा असा तक्ता आधी करून पाहिला की निम्मे कोर्स तिथेच गळतात आणि अर्जाचे पैसे वाचतात.

गुणांसाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा आणि एक मिळवा. कमाल १०, किमान ४ आणि आपला सीजीपीए ८ असेल तर जर्मन ग्रेड २.० येते. किमान ४ ऐवजी ५ धरलं तर तीच २.२ होते. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच कोर्सची मर्यादा २.५ च्या आसपास असते. म्हणून मार्कशीट स्कॅन करताना मागची बाजूही करा. ग्रेडिंगचा तक्ता अनेकदा तिथेच छापलेला असतो.

अर्ज कुठे करायचा हेही कोर्सच्या पानावर दिलेलं असतं. युनि-असिस्ट (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) लिहिलं असेल तर पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरमधल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पैसे पोचल्याशिवाय अर्ज तपासायला घेत नाहीत. काही विद्यापीठं अर्ज स्वतःच्या पोर्टलवर घेतात, पण युनि-असिस्टचा व्हीपीडी हा तपासणीचा कागद मागतात. तो मिळायला चार ते सहा आठवडे जातात आणि नेमकं हेच उशिरा लक्षात येतं. हिवाळी सत्राची नेहमीची मुदत १५ जुलै म्हणतात, पण आंतरराष्ट्रीय मास्टर्सची मुदत पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी संपते. डेटाबेसमधली तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. माहिती विद्यापीठं पुरवतात आणि काही नोंदी जुन्या राहून जातात.

भारतीयांसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसाला आवश्यक झालं आहे, आणि अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. कोर्स निवडण्याची वाट न पाहता आधी एपीएसचा अर्ज टाका, मग निवांत डेटाबेस चाळत बसा.