मेन लाइनला सात तारा की ऐंशी?

मीटरपासून एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बोर्डापर्यंतची लाइन बदलायला निघालात की दुकानदार दहा स्क्वेअरची, म्हणजे दहा चौरस मिलिमीटर तांब्याची, दोन बंडलं पुढे करतो: जाड सात तारांची आणि बारीक ऐंशी तारांची फ्लेक्सिबल. वर "तारा जास्त तर करंट जास्त" हेही ऐकवतो. घरच्या ५० हर्ट्झला तसं काही नसतं. तांबं दोन्हीत तेवढंच. उलट २० अंशांवर किलोमीटरमागे सात तारांच्या वर्गाला जास्तीत जास्त १.८३ ओहम रोध चालतो, फ्लेक्सिबलला १.९१. अँपिअर ठरतात ते इन्सुलेशन, भोवतालची गरमी आणि एका पाइपात किती वायरी कोंबल्यात यावर. साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंशांपर्यंत सोसणारं. अँपिअरचा तक्ता ३० अंश हवेचा आणि कौलांखाली ४० असतील तर आकड्याला ०.८७ ने गुणायचं. दोन्हींना सारखंच.

ओढायला फ्लेक्सिबलच बरी, यात वाद नाही. चिऱ्याच्या भिंतीवरच्या जुन्या पाइपात सात तारांची वायर प्रत्येक बेंडला घाम काढते.

माझं घोडं अडलं ते टोकाशी. इन्सुलेशन सोललं की ऐंशी तारा केरसुणीसारख्या फुलतात. एमसीबीच्या तोंडात सगळ्या जात नाहीत, मग उरलेल्या पकडीने छाटल्या जातात. मांद्र्याला आमच्याकडे आलेल्या वायरमनने माझ्यादेखत हेच केलं, वर म्हणाला, "कांयच जावचें ना" (काहीच होणार नाही). दहाची केबल नेमकी त्या सेंटिमीटरभर जागेत बारीक झाली, आणि तापायची जागाही तीच. टोकाला सोल्डर चढवणं तर नकोच. ते मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. खरा उपाय म्हणजे मापाचा पिन लग किंवा फेरूल (सगळ्या तारांवर चढवायची धातूची टोपी), आणि ती दाबून घट्ट बसवायला क्रिंपिंग टूल. म्हापशाला सगळं मिळतं, पण भर पावसात वीज गेल्यावर जो येईल त्याच्या पिशवीत ते असेलच असं नाही. सात तारांना स्क्रू ड्रायव्हर पुरतो. (एमसीबीवर टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती आवळायचा त्याचा, आकडा बहुधा छापलेला असतो, तो वाचणारा वायरमन भेटला तर सोडू नका.)

जनरेटर किंवा ट्रॉलीवरच्या बॅटरीसारखं काही हलतं असेल तर अर्थातच फ्लेक्सिबल, जाड तार वाकून वाकून तुटते. बोटीवर तर कथिल चढवलेलीच घ्या, नाहीतर खारी हवा तारांमधून आत शिरते आणि तांबं इन्सुलेशनखाली हिरवं पडत जातं. भिंतीवर एकदाच ठोकायच्या लाइनला मी मात्र सात तारांची घेतली. तुमच्या वायरमनकडे क्रिंपिंग टूल असेल तर खुशाल फ्लेक्सिबल घाला, फक्त तो लग दाबत असताना शेजारी उभे राहा.