शटरची चार कुलपं: कुठलं घ्यावं, कुठलं दुकानातच सोडावं

‘शटर उचकटून चोरी’ हे शब्द पुण्याच्या पेपरात इतक्या वेळा छापून येतात की ‘उचकटून’कडे कुणाचं लक्षच जात नाही. सगळी मेख तिथेच आहे. असा चोर कुलूप फोडत बसत नाही. दहा फुटी शटरच्या बरोब्बर मध्यभागी, तळपट्टीखाली, तो कटावणी किंवा गाडीचा जॅक सरकवतो. दोन्ही टोकांची कुलपं जागच्या जागी राहतात आणि मधला भाग कमानीसारखा वर येतो. फूटभर फट झाली की सडपातळ माणूस आत. सकाळी मालक येतो तेव्हा कुलपं शाबूत, आतला कटर, ड्रिल आणि वेल्डिंग मशीन मात्र गायब.

म्हणून कुलूप किती लिव्हरचं (लिव्हर म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या कुलपातल्या पट्ट्या), हा प्रश्न दुसरा. ते शटरला कुठे धरतं, हा पहिला. बाजारातले चार प्रकार याच कसोटीवर पाहू.

सेंट्रल लॉकपासून सुरुवात करू, कारण शटर बसवणारा मिस्त्री तेच आधी गळ्यात मारतो. शटरच्या मध्यावर एक पेटी असते. किल्ली फिरवली की आतली तबकडी दोन लांब पट्ट्या डावी-उजवीकडे ढकलते आणि त्यांची टोकं बाजूच्या गाइड चॅनलमधल्या, म्हणजे शटर ज्या खाचेतून वर-खाली सरकतं तिच्यातल्या, भोकांत शिरतात. कुलूप मध्यावर दिसतं म्हणून मध्यभाग पक्का झाला असं वाटतं. तसं नाही. पेटी मध्यावर असली तरी पकड कडेलाच आहे. जॅकने मधला भाग उचलला की शटरला बाक येतो, टोकं आत ओढली जातात आणि पट्टी गाइडमध्ये जेमतेम 10 मिमी शिरलेली असेल तर ती सुळकन बाहेर येते.

हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. आतून शटर बंद करून किल्ली फिरवा, पट्टी गाइडमध्ये शिरते त्या जागी पट्टीवर खडूने खूण करा, किल्ली उलटी फिरवा आणि खुणेपासून टोकापर्यंतचं अंतर मोजा. 25 मिमीपेक्षा कमी भरलं तर पट्ट्या बदलून घ्या. भोकंही पाहा. शटर खाली नीट बसत नाही म्हणून मिस्त्री कटरने भोक वाढवून देतो आणि अर्धा इंच खेळ राहतो. त्या खेळात कटावणी मावते. पट्ट्यांना दर दीड-दोन फुटांवर मार्गदर्शक क्लिप हवी, नाहीतर लांब पट्टी मधेच वाकते आणि पावसाळ्यात गंज धरला की किल्ली अर्ध्यावर अडते. थोडक्यात, सेंट्रल लॉक असावं, पण एकट्याच्या भरवशावर गाळा सोडू नये.

बाजूची कुलपं म्हणजे तळपट्टीच्या दोन टोकांना कोयंडे आणि त्यात पॅडलॉक. इथे कुलपापेक्षा कोयंडा आधी हार मानतो. कोयंडा नट-बोल्टने बसवला असेल आणि बोल्टचं षटकोनी डोकं बाहेरच्या बाजूला असेल, तर चोराला बारा-तेराचा पाना पुरतो. गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट वापरा, नट आतून घ्या आणि नटावर वेल्डिंगचा एक टाका मारून टाका. कुलपाची कडी जितकी उघडी तितका बोल्ट कटरला वाव जास्त. कडी कडक केलेल्या पोलादाची आणि 10 ते 12 मिमी जाडीची असेल तर हातात मावणाऱ्या कटरचा घाम निघतो. गोल चकतीसारखं पॅडलॉक, ज्याची कडी जवळजवळ झाकलेली असते, ते या कामाला सगळ्यात सरस. गोदरेजचं नवताल पुण्यातल्या निम्म्या दुकानांवर दिसेल, 6, 7 आणि 8 लिव्हरमध्ये मिळतं. लिव्हर जास्त म्हणजे खोट्या किल्लीने उघडणं अवघड. कडी कापण्याशी मात्र लिव्हरचा संबंध नाही. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे तर कुठलंही कुलूप फार टिकत नाही, पण ग्राइंडर आवाज करतो, ठिणग्या उडवतो आणि पेठेतल्या अरुंद गल्लीत ते झाकत नाही.

आता ज्यासाठी पैसे खर्चावेत ते तिसरं: जमिनीतलं लॉक. तळपट्टीच्या मधोमध एक खाच, खाली काँक्रीटमध्ये पुरलेला जाड सळईचा U, आणि त्यात चकती पॅडलॉक. जॅक जिथे लागतो तिथेच ही पकड बसते. म्हणून चारांत आमची पहिली पसंती हिला. हे काम बिघडतं ते पुरण्यात. मिस्त्री टाइल फोडून दोन इंच खड्डा करतो, सिमेंट भरतो आणि तासाभरात बिल मागतो. असा U हातोड्याच्या चार घावांत टाइलसकट उखडतो. सळई किमान 16 मिमीची घ्या, दोन्ही पाय खाली सहा इंच जाऊ द्या आणि टोकं J सारखी बाहेर वळवा, म्हणजे ओढलं तरी काँक्रीटसकटच यावं लागेल. माल 1:1.5:3 प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी), आणि सात दिवस पाणी मारायचं. तोपर्यंत त्यावर कुलूप लटकवू नका. U जमिनीच्या वर जितका कमी दिसेल तितकं बरं, एरवी गिऱ्हाईक अडखळतं. खड्ड्यात बसणारा प्रकार घेतलात तर पावसाळ्यात त्यात चिखल साठतो. तळाला निचऱ्याची वाट ठेवा. आणि हे सगळं उंबऱ्याच्या आत. शटरबाहेरचा फुटपाथ महापालिकेचा आहे, तिथे खोदकाम करून नोटीस ओढवून घेण्यात अर्थ नाही.

मागच्या बाजूला वेगळं दार असेल तर हेच लॉक शटरच्या आतून लावा. बाहेरून दिसत नाही, कापताही येत नाही. भोसरीच्या शेडमध्ये हे सहज जमतं, पेठेतल्या दुकानात क्वचितच.

चौथा प्रकार सायरनच्या पॅडलॉकचा. चारशे ते आठशे रुपयांत मिळतं, आत सहा बटण सेल, धक्का बसला की आधी पिकपिक आणि मग 110 डेसिबलचा सायरन. खोक्यावर लिहिलेलं असतं तितकं हे शूर नाही. कुलपाचं अंग बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, घावाला लगेच तडकतं. कडी एका बाजूने घातली तर सायरन चालू, उलट घातली तर बंद. घाईत लावताना नेमकी उलटी जाते. बस गेली, ट्रक गेला की बोंब मारतं, आठवडाभरात शेजारी कान बंद करून घेतात. गणपतीत ढोल-ताशा चालू असताना तर या सायरनचा उपयोगच नाही. मुख्य कुलूप म्हणून नको. जमिनीतल्या लॉकच्या जोडीला मात्र चालेल, कारण त्याच जागी धक्का बसणार आहे.

शटरच्या पत्र्यावरही एक नजर टाका. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिमी, 22 गेज म्हणजे 0.7. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 22 गेजला कुठलंही कुलूप लावा, शटरची पट्टी हातानेच चेपते.

एमआयडीसीत आणखी एक पळवाट असते. शटर भक्कम केलं की चोर छपरावर चढतो. छपराचा पत्रा खालच्या लोखंडी चौकटीला धरून ठेवणाऱ्या J हुकाचे नट बाहेरून उघडतात, एक पत्रा सरकला की काम झालं. निदान हाताला येणाऱ्या खालच्या दोन रांगांचे नट टाका मारून बंद करा आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला 12 मिमीच्या सळ्यांची जाळी लावा. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारची सुट्टी, म्हणजे बुधवारच्या संध्याकाळपासून शुक्रवारच्या सकाळपर्यंत शेडकडे कुणी फिरकत नाही. एवढ्या निवांत वेळात कुठलंही कुलूप नुसतं चोराचा वेळ खातं, त्यामुळे महागडी हत्यारं आत पुन्हा एकदा बंद हवीत: 3 मिमी पत्र्याची पेटी, आतून M12 चे (12 मिमी जाडीचे) चार अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये फुगून घट्ट बसणारे बोल्ट, मारून जमिनीला जखडलेली. नुसती जड पेटी पुरत नाही, दोघं मिळून ती टेम्पोत टाकतात.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच की डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) काउंटरखाली ठेवला तर तो चोराबरोबर जातो. पोटमाळ्यावर किंवा बंद पेटीत ठेवा, हवा खेळती राहील एवढी भोकं ठेवा. 2 मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस धरले तर दिवसाला साधारण 86 जीबी लागते. 1 टीबीच्या डिस्कवर अकरा दिवसांपूर्वीचं काही सापडणार नाही. दिवाळीत गावाला जाणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

प्रत्येक हत्याराच्या सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो आणि बिल फोनवर ठेवा, शिवाय दोन जागी नाव कोरा, त्यातली एक जागा बॅटरीच्या खाली. पाटी खरवडली जाते, बॅटरीखालची जागा चोराच्या ध्यानात येत नाही. चोरी झालीच तर वाकलेलं शटर लगेच ठोकून सरळ करू नका. बर्गलरी विम्यात जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, आणि पंचनाम्यालाही त्याच लागतात. खोट्या किल्लीने उघडलेल्या कुलपावर अशी खूण नसते, तिथे दावा अडतो. कामगार सोडून गेला की कुलूप बदलायचं ते यासाठी. तक्रार ऑनलाइन दिली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

खरेदी रविवार पेठेत, बोहरी आळीत करा. कोयंडे, कॅरेज बोल्ट, चकती पॅडलॉक सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. सायरन आणि कॅमेऱ्यासाठी तपकीर गल्ली. कुलपात तेल सोडू नका, धूळ धरून ते घट्ट होतं. ग्रॅफाइटची भुकटी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पुरते. पाकीट दुकानातच फोडा आणि सगळ्या किल्ल्या एकेक करून, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. अडते ती बहुधा शेवटची किल्ली, आणि आपण नेमकी तीच घरी कपाटात ठेवून देतो.